मांजरपाटात वीज साठवायची कृती

गेल्या नवरात्रात भाचीच्या चणियाला आम्ही दिवे लावले होते. दिवे छान दिसले, पण कमरेशी खोचलेला बॅटरीचा डबा तिला नऊ रात्री टोचत राहिला. "आत्या, कापडातच वीज नाही का राहत?" असं तिने दहाव्या दिवशी विचारलं. राहते, पण थोडी राहते. ती थोडी का राहते आणि तेवढ्यात काय साधतं, हे कळायला मला पुढचे सहा महिने लागले. त्यातून जमलेली कृती इथे देते आहे.

बडोद्यात हा उद्योग करायला एक वेगळीच मजा आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढलं. प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने तिथे रंगाईचं रसायनशास्त्र शिकवायला सुरुवात झाली. आज विद्यापीठाची तंत्रज्ञान शाखा त्याच आवारात आहे. हे सांगायचं कारण असं की कापडी सुपरकपॅसिटर, म्हणजे वीज झटपट साठवणारं आणि झटपट सोडणारं कापड, हे माझ्या मते आधी रंगाऱ्याचं काम आहे आणि मग इलेक्ट्रिशियनचं. मी सुरुवात उलटीकडून केली आणि पहिले चार तुकडे फुकट घालवले.

आत नेमकं काय होतं

बॅटरीत रासायनिक क्रिया होते. सुपरकपॅसिटरमध्ये जवळजवळ काहीच होत नाही, फक्त क्षारातले आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, कार्बनच्या पृष्ठभागाला जाऊन चिकटतात. एका बाजूला धन आयन, दुसऱ्या बाजूला ऋण. भार आणि आयन यांच्यातलं अंतर रेणूएवढं असतं, म्हणून साठा मोठा होतो. हा दुहेरी थर जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८५३ मध्येच मांडला होता. त्यावर आधारलेल्या कपॅसिटरचं पहिलं पेटंट मात्र जनरल इलेक्ट्रिकच्या बेकरला १९५७ मध्ये मिळालं. एक ग्रॅम ॲक्टिव्हेटेड कार्बनमध्ये सूक्ष्म छिद्रांचा मिळून हजार चौरस मीटरहून जास्त पृष्ठभाग असतो. खो-खोची दोन मैदानं चिमटीत धरल्यासारखं!

सुती कापड इथे कामाला येतं, कारण सुताला पाणी ओढून घ्यायची आणि शाई धरून ठेवायची उपजत सवय आहे. स्टॅनफर्डच्या यी त्सुई यांच्या गटाने २०१० साली कार्बन नॅनोट्यूबच्या शाईत सुती कापड बुडवून हे दाखवलं. पुढच्याच वर्षी ड्रेक्सेल विद्यापीठात क्रिस्टी जोस्ट आणि यूरी गोगोत्सी यांच्या गटाने साधा ॲक्टिव्हेटेड कार्बन कापडावर स्क्रीन प्रिंट केला. आपल्याला परवडणारी वाट ही दुसरी.

आधी हिशोब

हा भाग ओलांडून पुढे जाऊ नका. मी ओलांडला होता.

सेलची भार साठवायची ताकद म्हणजे धारकता, ती फॅरडमध्ये मोजतात. साठलेली ऊर्जा (ज्यूलमध्ये) म्हणजे अर्धा गुणिले फॅरड गुणिले व्होल्टचा वर्ग. पाण्यावर चालणाऱ्या सेलला १.२३ व्होल्टच्या वर नेलं की पाण्याचंच विघटन सुरू होतं. म्हणून आपण ०.८ व्होल्टवर थांबायचं. हाताने बनवलेला ४ बाय ५ सेंटीमीटरचा सेल अर्ध्या फॅरडचा निघाला, तर त्यात ०.१६ ज्यूल मावतात. खेळण्यातल्या सीआर २०३२ या बटण-सेलमध्ये २२० मिलीअँपिअर-तास असतात, म्हणजे जवळजवळ २४०० ज्यूल. बटण-सेल हा पाण्याचा टँकर आणि आपलं कापड म्हणजे चहाचा चमचा. पण हा चमचा काही मिनिटांत भरतो, पुन्हा पुन्हा भरतो, टोचत नाही आणि त्यात लिथियम नाही.

लाल एलईडीला साधारण १.८ व्होल्ट लागतात. पांढऱ्या आणि निळ्याला तीनच्या आसपास, म्हणून ते विसरा. तीन सेल एकापुढे एक जोडले की २.४ व्होल्ट मिळतात, पण धारकता एक-तृतीयांश होते: ०.१७ फॅरड. २.४ पासून १.७ व्होल्टपर्यंत उतरताना त्यातून ०.१२ कूलॉम विद्युतभार निघतो. दोन मिलीअँपिअरने खर्च केला तर जेमतेम एक मिनिट. एका मिनिटात गरब्याचा फेराही पुरा होत नाही.

यावर मी जास्त कार्बन, जास्त थर, जास्त तुकडे असे उपाय करत बसले. खरा उपाय निघाला दिवा सतत न पेटवण्याचा. तो पुढे येतो.

सामान

मांजरपाट अर्धा मीटर. मंगळबाजारात कुठेही मिळतो, रंग न केलेला आणि कोरा घ्या. मधल्या पडद्यासाठी थोडी मलमल. ॲक्टिव्हेटेड कार्बनची पूड, नारळाच्या करवंटीपासून केलेली मिळाली तर उत्तम. वाहकता वाढवणारा कार्बन ब्लॅक. तो नाही मिळाला तर कुलपात घालतात ती ग्रॅफाइट पावडर. पिगमेंट प्रिंटिंगचं ॲक्रिलिक बाइंडर, म्हणजे रंग कापडाला धरून ठेवणारा चिकट माल; कापडावर छपाई करणाऱ्यांकडे पाव किलोचा डबा असतो. सोडियम सल्फेट, ज्याला रंगारी ग्लॉबर सॉल्ट म्हणतात. स्टेनलेस स्टीलचा वाहक दोरा. टिचबटणं. दुधाच्या रिकाम्या, धुतलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या. ग्लू गन. सोनाराचा असतो तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा आणि मल्टीमीटर.

कार्बन पूड दाणेदार मिळाली तर ती कुटावी लागते. ओली करून खलबत्त्यातच कुटा. मी एकदा मिक्सरमध्ये फिरवली. झाकण उघडल्यावर उडालेली काजळी ओट्यापासून देवघरापर्यंत गेली, आणि ते भांडं पुन्हा चटणीला वापरू दिलं गेलं नाही. कोरडी पूड हाताळताना मास्क लावा, ही काजळी फुफ्फुसात जायच्या लायकीची नाही.

कापड तयार करणं

कोऱ्या मांजरपाटात मागावरची खळ असते, आणि सुतावर निसर्गाने दिलेलं मेण. दोन्ही पाण्याला अडवतात. लिटरभर पाण्यात दोन-तीन ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडी साबणाची पूड घालून कापड तासभर उकळा. पाणी चहासारखं पिवळं होईल. ते ओतून द्या, दोनदा गरम पाण्याने खंगाळा, वाळवा आणि इस्त्री करा.

मग रंगाऱ्याची परीक्षा: कापड ताणून धरा आणि वरून पाण्याचा एक थेंब सोडा. थेंब पाच सेकंदांच्या आत जिरला पाहिजे. मोत्यासारखा बसून राहिला तर पुन्हा उकळा. ज्या काकांकडून मी बाइंडर घेतलं त्यांनी माझा फसलेला तुकडा हातात घेऊन, काही न विचारता त्यावर थेंब टाकला होता. थेंब तसाच राहिला. "बेन, आ तो धोयुंज नथी," एवढंच बोलले. महिनाभर ज्या दोषाला मी शाईत शोधत होते, तो धुण्यात होता.

स्टीलचा दोरा: फणी, नागमोडी नव्हे

कार्बनची शाई वीज वाहते, पण रडतखडत. काळं कापड मल्टीमीटरवर शेकडो ओहमचा रोध, म्हणजे विजेला अडथळा, दाखवू शकतं. म्हणून शाई लावण्याआधी कापडात स्टीलच्या दोऱ्याच्या ओळी शिवून घ्यायच्या. दोरा बॉबिनमध्ये भरा, सुईत साधा सुती दोराच ठेवा. स्टीलचा दोरा सुईच्या नाकात सोलवटतो आणि तुटतो. ताण सैल, टाका मोठा.

मी आधी एकच दोरा नागमोडी फिरवला होता, भरतकाम करतात तसा. दिसायला देखणा, कामाला टाकाऊ. बाजारातला पातळ दोरा मीटरला पन्नास ओहमचा धरा. पाच सेंटीमीटरच्या आठ ओळी नागमोडी जोडल्या तर चाळीस सेंटीमीटर दोरा एकामागे एक येतो: २० ओहम. त्याच आठ ओळी फणीच्या दातांसारख्या सुट्या ठेवून एका कडेला सगळी टोकं एकत्र पिळली, तर प्रत्येक दात अडीच ओहमचा आणि आठ समांतर, म्हणजे ०.३ ओहम. दोरा तोच, कापड तेच. ओळींमधलं अंतर अर्धा सेंटीमीटर ठेवा.

बॉबिनची बाजू, म्हणजे स्टीलची बाजू, सेलमध्ये बाहेरच्या अंगाला यायला हवी. या दोऱ्याला केसासारखे स्टीलचे तंतू सुटलेले असतात. ते आतल्या बाजूला आले तर मधला पडदा भोसकून समोरच्या तुकड्याला जाऊन भिडतात.

शिवताना मोठा तुकडा घ्या, २० बाय २० सेंटीमीटरचा, आणि त्यावर ४ बाय ५ चे चौकोन पेन्सिलने आखून प्रत्येकात फणी शिवा. टोकांच्या शेपट्या लांब ठेवा.

शाई

कार्बन पूड ८ ग्रॅम, कार्बन ब्लॅक दीड ग्रॅम, बाइंडर अडीच ग्रॅम. बाइंडरचा डबा बहुधा ४० टक्के घन भागाचा असतो, म्हणजे प्रत्यक्ष चिकट माल एक ग्रॅम पडतो. पाणी २५ ते ३० मिलीलिटर आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. आधी पाणी, साबण आणि दोन्ही कार्बन खलात अर्धा तास घोटा. पुरणासारखं गुळगुळीत व्हायला हवं. बाइंडर अगदी शेवटी आणि हलक्या हाताने. आधी घातलं तर फेस होतो.

बाइंडर जास्त घालायचा मोह होतो, कारण मग काळं हाताला लागत नाही. पण तेच बाइंडर कार्बनची छिद्रं बुजवतं. बोट फिरवल्यावर किंचित काळं लागलं तर चालेल, चुरा पडायला नको.

कोरडं कापड काट्यावर तोला आणि वजन लिहून ठेवा. शाई ब्रशने किंवा जुन्या एटीएम कार्डाने रेटून भरा, दोन्ही बाजूंनी. पंख्याखाली वाळवा, पुन्हा थर. तीन-चार थरांनंतर चारशे चौरस सेंटीमीटरला सुमारे अडीच ग्रॅम वजन वाढलेलं असावं. याहून जाड थर वाळताना तडकतो आणि वाकवल्यावर पापुद्रे सुटतात.

आता पक्कं करणं. छपाईवाले पिगमेंट १५० अंशांवर चार-पाच मिनिटं शेकतात. घरात इस्त्री आहे. कापडावर बेकिंग पेपर ठेवा, इस्त्री सुती कापडाच्या खुणेच्या जरा खाली, आणि एकेका जागी दाबून धरत सगळा तुकडा पाच मिनिटं शेका. मग साध्या पाण्यात बुडवून पाहा. पाणी काळं झालं तर शेकणं कमी पडलं. शेवटी चौकोन कापा.

क्षाराचं पाणी

प्रयोगशाळांमध्ये पीव्हीए (पाण्यात विरघळणारं एक प्लास्टिक) आणि फॉस्फोरिक ॲसिडचा जेल सर्रास वापरतात. अंगावर घालायच्या वस्तूत, तेही मुलीच्या कमरेशी, मी ॲसिड घालणार नाही. सोडियम सल्फेट उदासीन आहे आणि स्टीललाही मिठापेक्षा मानवतं. मिठातल्या क्लोराइडने स्टेनलेसलाही खड्डे पडतात.

मग पीव्हीएचा जेल सोडियम सल्फेट घालून करावा, असं तुमच्याही डोक्यात येईल. माझ्या आलं होतं. सल्फेट घालताक्षणी पीव्हीए पाण्याबाहेर पडून शेवयांसारखं गोळा झालं. नंतर कळलं की हा बिघाड नाही, हा कारखान्यातला धंदा आहे: विनायलॉन नावाचा धागा पीव्हीएला सोडियम सल्फेटच्या पाण्यात सोडूनच काढतात. तेव्हा जेल नको. मलमल पाणी धरून ठेवते, तेवढं पुरतं.

प्रमाण: १०० मिलीलिटर डिस्टिल्ड पाण्यात कोरडी सफेद पूड असेल तर ७.१ ग्रॅम, स्फटिक असतील तर १६.१ ग्रॅम, कारण स्फटिकात निम्म्याहून जास्त वजन पाण्याचं असतं. याच्या दुप्पट घातलं तर वीज अधिक सहज वाहते, पण जानेवारीतल्या बडोद्याच्या रात्री क्षार खड्यांच्या रूपात बाहेर येतो. माझा एक सेल पहाटे हाताला कुरकुरीत लागला, तो यामुळे.

सेल बांधणं

काळा चौकोन, स्टीलची बाजू खाली. त्यावर मलमलीचे दोन थर, चारी बाजूंनी अर्धा सेंटीमीटर मोठे. त्यावर दुसरा काळा चौकोन, स्टीलची बाजू वर. दोघांच्या शेपट्या विरुद्ध दिशांना. मधल्या पडद्यासाठी न विणलेल्या पिशवीचं कापड वापरू नका. ते पॉलीप्रॉपिलीन असतं आणि पाण्याशी बोलतच नाही. कडांना सुती दोऱ्याचा धावदोरा घालून गठ्ठा पक्का करा. आता मल्टीमीटर लावा: कोरड्या सेलच्या दोन शेपट्यांमध्ये काहीही जोडणी दिसता कामा नये. दिसली तर उसवा आणि तंतू शोधा. पाणी घातल्यावर हे शोधणं अशक्य होतं.

पुढची पायरी मला सगळ्यात महाग पडली. शेपूट हा दोराच आहे, आणि दोरा वातीसारखं पाणी ओढतो. पिशवी कितीही घट्ट बंद केली तरी क्षाराचं पाणी दोऱ्यातून सरपटत बाहेर येतं, टिचबटणापाशी वाळतं, पांढरा फुलोरा धरतं आणि बटण हिरवं होतं. म्हणून सेल ओला करण्याआधी, शेपटीचा जो भाग पिशवीच्या शिवणीतून बाहेर येणार तिथे दीड सेंटीमीटर ग्लू गनचा गरम डिंक दोऱ्याच्या आतपर्यंत मुरवा. चिमट्याने दाबून, फिरवून.

मग सेल क्षाराच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवा. मधून मधून दाबा, बुडबुडे येणं थांबलं पाहिजे. बाहेर काढून निथळवा, पिळू नका. दुधाच्या पिशवीचे दोन तुकडे वरखाली ठेवा, बेकिंग पेपरमधून इस्त्रीच्या टोकाने कडा चिकटवा, शेपट्या निघतात तिथे डिंकावरच कड दाबा. छापील बाजू बाहेर ठेवली की तुमच्या कमरपट्ट्यात डेअरीची जाहिरात लपते, त्याला इलाज नाही.

तयार सेल तोलून वजन पिशवीवर मार्करने लिहा. दर रविवारी तोला. वजन उतरलं तर पिशवी कुठेतरी श्वास घेते आहे.

भरणं आणि मोजणं

दीड व्होल्टच्या साध्या पेन्सिल सेलला ४७ आणि ५६ ओहमचे रेझिस्टर एकापुढे एक जोडा. ५६ च्या दोन टोकांवर ०.८ व्होल्ट मिळतात. तिथे कापडी सेल लावा. पहिल्या वेळी अर्धा तास लावून ठेवा, कारण आतल्या छिद्रांपर्यंत आयनांना चालत जायचं असतं. काढताना आधी कापड काढा, मग बॅटरी. उलट केलंत तर ५६ ओहममधून कापड रिकामं होतं आणि तुम्ही शिलाईला दोष देत बसता.

मल्टीमीटरच्या कपॅसिटन्सच्या बटणावर हा सेल मोजला जात नाही, त्याची झेप तेवढी नसते. मोजायचं असं: भरलेल्या सेलला १०० ओहमचा रेझिस्टर लावा आणि व्होल्टमीटरवर नजर ठेवा. समजा ०.८ वरून क्षणात ०.६७ झालं. हे जे एकदम गळालं ते सेलच्या आतल्या रोधाने खाल्लं. प्रवाह ६.७ मिलीअँपिअर, गळती ०.१३ व्होल्ट, म्हणजे आतला रोध २० ओहम. आता ०.६७ पासून त्याच्या ३७ टक्क्यांपर्यंत, म्हणजे ०.२५ पर्यंत उतरायला किती सेकंद लागतात ते मोजा. ६० सेकंद लागले तर ६० भागिले १२०, म्हणजे अर्धा फॅरड. भागायचं बाहेरच्या आणि आतल्या रोधाच्या बेरजेने. नुसत्या १०० ने भागून मी पहिल्यांदा स्वतःची पाठ उगाच थोपटली होती.

आतला रोध पन्नासच्या वर असेल तर फणीच्या टोकांची पिळणी आणि टिचबटणाची जोडणी तपासा. कार्बनवर संशय शेवटी घ्या.

भरून नुसता ठेवलेला सेल मिनिटाभरात थोडा उतरतो, ते स्वाभाविक आहे; वरवरचा भार आत मुरतो. अर्धा तास भरूनही तो पाच मिनिटांत निम्मा होत असेल तर पडद्यातून कुठेतरी तंतू आरपार गेला आहे. सेल फुगला तर तुम्ही व्होल्टेज ओलांडलं आहे आणि आत वायू झाला आहे, तो टाकून द्या. मग सेल लाटण्याला गुंडाळून पन्नास वेळा वाकवा आणि पुन्हा मोजा. आकडे फारसे हलले नाहीत तर तो नाचायला तयार आहे.

कमरपट्टा

तीन सेल सारख्या धारकतेचे निवडा. एकापुढे एक जोडून एकत्र भरले तर ज्याची धारकता कमी त्याच्या वाट्याला व्होल्टेज जास्त येतं आणि तोच आधी मरतो. टिचबटणांनी हा प्रश्न सुटतो: भरताना तिन्ही सेल समांतर, प्रत्येकाला ०.८, घालताना बटणं बदलून एकापुढे एक. धन बाजूला लाल दोऱ्याचा टाका घाला, अंधारात घाईत बटणं लावताना तो डोळ्यांना सापडतो.

एलईडीसोबत २२० ओहमचा रेझिस्टर. तीन सेलचा आतला रोध साठएक ओहम असतोच, दोन्ही मिळून प्रवाह दोन मिलीअँपिअरच्या आसपास राहतो. आणि स्विचच्या जागी दोन गोंडे. साध्या रेशमी गोंड्यात स्टीलचा दोरा मिसळून बांधायचा, एक एलईडीच्या तारेला, दुसरा सेलला. घेर फिरला की गोंडे झुलतात, एकमेकांना शिवतात आणि सेकंदाच्या दहाव्या भागासाठी दिवा चमकतो. सतत पेटवला तर मिनिटभर पुरणारा भार असा वापरला तर हिशोबाने पाचशेच्या वर चमका देतो. थोडा भार आपोआपही गळतो, तरी एका फेऱ्याला पुरून उरतो. सरबताला थांबलं की पुन्हा पाच मिनिटं भरायचं.

पट्टा धुवायचा नाही. बटणं काढून सेल बाजूला ठेवायचे आणि चणिया खुशाल धुवायचा. पिशवी फाटली तर बाहेर येतं ते खारट पाणी आणि काळं, कातडीला अपाय नाही, पण कपड्यावरचा कार्बनचा डाग जन्मात जात नाही. म्हणून पट्ट्याला आतून गडद रंगाचं अस्तर लावा.

भाचीने घरात, दिवाणखान्यात एक फेरा घालून पाहिला. दिवा लखलखला. मग तिने हुकूम सोडला की गोंडे जरा लांब हवेत, गिरकी घेतल्याशिवाय भिडत नाहीत. आता ते सोडवून परत बांधते आहे.